गळ्यातला चमचा

डॉक्टर, तुमच्यावर पत्रक निघत नाही. चार वेळा बसले. पत्रकाला पहिल्या वाक्यात एक दोषी लागतो; तो एकदा सापडला की उरलेलं दीड पान आपोआप होतं. दापोलीच्या कॉलेजात असल्यापासून मी हेच करत आले. शाळा बंद केली, कोणी? शिक्षक नेमले नाहीत, कोणी? नावासकट विचारायचं आणि खाली ‘जाहीर निषेध’ लिहायचं. या वेळीही दोषी पहिल्याच वाक्यात सापडला. तिथेच पेन अडलं.

तुम्ही गेल्यावर आपल्या इथल्या, सौदीतल्या जुबैलच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी टाकलं, ‘साळवी डॉक्टरांवर चार शब्द लिहायला हवेत. रुबिनाला सांगा, तिला सवय आहे, शिवाय ती त्यांच्या जवळची होती.’ खाली अंगठ्यांची रांग. त्यातल्या एकालाही ठाऊक नाही की शेवटचे तीन आठवडे मी तुमच्याशी बोलत नव्हते. का बोलत नव्हते ते आज लिहिते. ग्रुपवर सगळे वाचतील. वाचू देत.

आपली ओळख घशामुळे झाली. लग्न करून हर्णैहून आले, नव्या इकाम्यावरचा, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावरचा, माझाच फोटो मला अजून ओळखू येत नव्हता, आणि घसा बसला होता. तुम्ही हिंदीत विचारलंत, मी हिंदीत सांगितलं. कार्डावरचं गाव वाचून चष्मा खाली घेतलात. ‘हर्णैची? मग हिंदी कुणासाठी झाडतेस? आ कर.’ घसा बघून म्हणालात, ‘हा सर्दीचा घसा नाही, भाषणाचा आहे.’ मी म्हटलं, भाषणाचाच आहे, निघण्याआधी आमच्या तालुक्यातल्या शाळेसाठी उपोषणाला बसले होते. ‘उपोषणात बोलायचं नसतं गो, गप बसायचं असतं,’ म्हणालात आणि मिठाच्या गुळण्या लिहून दिल्यात.

त्या दिवसापासून मी ‘रुबिना पत्रक’. इथे येण्याआधी तुम्ही वेल्समधल्या ज्या गावात वीस-बावीस वर्षं दवाखाना चालवलात तिथली ही रीत. आडनावं चारच, माणसं गावभर, म्हणून नावापुढे धंदा लावायचा. जोन्स पाव, जोन्स दूध, जोन्स पोस्ट. तुम्ही तिथे ‘साळवी गोळी’ होतात. मी म्हटलं, यात काय नवीन, आमच्याकडे बर्फवाला इब्राहिम वेगळा आणि लाँचवाला इब्राहिम वेगळा. तुम्ही इतके खूश झालात की काकूंना आतून बोलावून मला ते परत सांगायला लावलंत.

तुम्हाला कुणी ‘लंडनला होतात ना?’ म्हटलं की तुमचा पारा चढायचा. ‘लंडन नाही. इंग्लंडसुद्धा नाही. वेल्स. तुला कुणी केरळची का म्हणून विचारलं तर कसं वाटेल, तसं.’ मग तासभर वेल्स. डोंगर पोखरून पाटीचा दगड काढणारं गाव. आपल्या आज्यांनी ज्या पाट्यांवर अक्षरं गिरवली त्यांचा दगड असल्याच डोंगरांतला असेल असं तुम्ही ठासून सांगायचात, आणि पुरावा मागितला की चहा मागवायचात. झेंड्यावरचा तांबडा ड्रॅगन. खाणीतले मजूर संध्याकाळी एकत्र येऊन चार सुरांत गातात ती गाणी. कवितेच्या मोठ्या मेळ्यात जिंकणाऱ्याला शाल-श्रीफळ देत नाहीत, कोरीव लाकडी खुर्ची देतात. ‘आपल्याकडे कवीला नारळ देतात,’ तुम्ही म्हणायचात, ‘तिथे निदान बसायला तरी सांगतात.’

मी हे सगळं कान देऊन ऐकायचे, पण माझा हेतू वेगळा होता. मला माल हवा होता. दर शुक्रवारी आमच्या इमारतीतल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये मी मराठीचा वर्ग घेते. अठरा मुलं, सगळी इंग्रजी शाळेतली. ‘नाव काय तुझं?’ विचारलं तर ‘माय नेम इज’. आईबाप हसून सांगतात, समजतं हो त्याला सगळं, फक्त बोलत नाही. मला त्या हसण्याची चीड येते. मी मराठी शाळेत शिकले. इथल्या एका शाळेत नोकरी मागायला गेले तेव्हा मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझं दुसरं वाक्य संपायच्या आत ‘ओके, थँक यू’ म्हटलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं होतं.

बहुधा म्हणूनच तुम्ही मला लाकडाच्या तुकड्याची गोष्ट सांगितलीत. तुमच्या बाल्कनीत. तुम्ही कोरत बसला होतात, मी काकूंच्या हातचे वेल्श केक खात होते. तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले, त्यात काकूंची वेलची. तुमचा एक म्हातारा पेशंट होता, खाणीतला. त्याची आई शाळेत जायची त्या काळी वर्गात वेल्श बोलायला बंदी. जो बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात दोरीने एक लाकडी तुकडा अडकवायचे, त्यावर दोन इंग्रजी अक्षरं. मग त्याने दुसरा कुणी वेल्श बोलताना पकडायचा आणि तुकडा त्याच्या गळ्यात घालायचा. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात तो राहील त्याला छडी.

मी केक खाली ठेवला. हेच तर हवं होतं. रात्रीत पत्रक तयार केलं. ‘एका भाषेचा फास’ असा मथळा. ग्रुपवर गेलं, तिथून दम्माम, रियाध, पार रत्नागिरीपर्यंत फिरलं. तुम्ही वाचलंत आणि एवढंच म्हणालात, ‘चांगलंय. शेवट कापलास.’

हो, कापला. तुमच्या पेशंटच्या आईचं शेवटचं वाक्य मी घेतलं नाही. ती मुलाला म्हणायची की छडी तिला आठवत नाही. एका दुपारी तिने तो तुकडा आपल्या धाकट्या बहिणीच्या गळ्यात घातला, ते आठवतं. मी तुम्हाला म्हटलं, ‘ते घेतलं तर दोष त्या पोरीवर जातो. जुलूम करणारा सुटतो.’ तुम्ही पातं पुसत म्हणालात, ‘कुणी सुटत नाही त्यात. नीट वाच.’ मी वाचलं नाही. पत्रकात दोन दोषी बसत नाहीत.

मग चमचा. वेल्समधले तरुण आवडत्या मुलीला लाकडी चमचा कोरून द्यायचे, हे तुम्हीच दाखवलंत. तुमच्या हॉलमध्ये सात टांगलेले होते. जेवायचा नाही, भिंतीवर लावायचा. अखंड एका लाकडातून. सांधा नाही, गोंद नाही. दांड्यावर जे कोराल त्याला अर्थ. कुलूप म्हणजे घर सांभाळीन. चाक म्हणजे तुझ्यासाठी राबेन. पिंजऱ्यात सुटी गोळी म्हणजे मूल. मी ती गोळी बोटाने हलवून विचारलं होतं, ही आत घातली कशी? तुम्ही म्हणालात, ‘घातली नाही. आतच होती. भोवतीचं लाकूड काढलं.’

मी म्हटलं, वर्गासाठी एक करून द्या. कशाला ते तुम्ही विचारलं नाहीत. स्वतःच ठरवून टाकलंत. जो मुलगा आठवड्यात एखादा नवा मराठी शब्द शोधून आणेल त्याने चमचा घरी न्यायचा, आठवडाभर भिंतीवर लावायचा. इथल्या एका कारखान्याच्या यार्डातून माल ठेवायचं फुटलेलं लाकडी पॅलेट आणलंत आणि दीड महिना बाल्कनीत धूळ खाल्लीत. काकू ओरडायच्या, ‘दम्याच्या पेशंटांना उपदेश करता आणि स्वतः भुसा खाता.’ चमच्यावर चाक, पिंजरा, पिंजऱ्यात एक गोळी. वर टांगायला लाकडाचीच कडी. माझ्या हातात देताना म्हणालात, ‘चाक तुझं. गोळी त्यांची.’

मी घरी नेला, नवऱ्याचं ड्रिल घेतलं आणि चाकाच्या मधोमध भोक पाडलं. त्यातून लाल गोंड्याची दोरी ओवली. नियम असा: वर्गात जो इंग्रजी किंवा हिंदी बोलेल त्याच्या गळ्यात चमचा. त्याने दुसऱ्याला पकडायचं. तास संपताना ज्याच्या गळ्यात राहील त्याने उभं राहून म्हणायचं, ‘मी माझ्या आईच्या भाषेची माफी मागतो.’ ते वाक्य मी लिहिलं. मुलांकडून पाठ करून घेतलं.

मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. मी पत्रक लिहिलं होतं. कळूनसवरून केलं, आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश होते. आणि डॉक्टर, चाललं ते. दोन शुक्रवारांत वर्गात इंग्रजी शब्द ऐकू येईना. मराठीही ऐकू येईना, पण ते मला शांतता म्हणून आवडलं.

तुम्ही आलात तो शुक्रवार आदल्या दिवशीचा मराठी दिन आणि दुसऱ्या दिवशीचा तुमच्या वेल्सच्या संत डेव्हिडचा सण यांच्या मधला होता. रमजान तोंडावर, म्हणून काकूंनी केक भरपूर पाठवले होते. त्या सणाला छातीवर पिवळं डॅफोडिल लावतात, नाहीतर लीक, म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. जुबैलमध्ये दोन्ही मिळालं नाही, म्हणून तुम्ही शर्टाला कांद्याची पातच टाचून आलात. मुलं हसतील म्हणून तुम्ही दारात क्षणभर थांबलात. कुणी हसलं नाही. कोणत्या भाषेत हसावं याचीही त्यांना भीती वाटत असावी.

चमचा जुईच्या गळ्यात होता. जुई आठ वर्षांची. तिच्या आधी तो वर्गातल्या सर्वांत लहान मुलीकडे होता आणि ती हुंदके देत होती. जुईने तिला हळूच म्हटलं होतं, ‘डोन्ट क्राय.’ एवढ्यावर पकडली गेली. पकडणारी ती रडणारीच. मग अर्धा तास जुई चमचा घालून बसली. तिच्या शेजारचे दोघं इंग्रजीत कुजबुजले, मी ऐकलं, तिनेही ऐकलं. मी म्हटलं, ‘जुई, कुणी बोललं का?’ तिने मान हलवली. नाही. तास संपला. मी तिला उभं केलं. तुमच्यासमोर.

तिने वाक्य म्हटलं. नीट म्हटलं, एकही चूक नाही. तुम्ही उठलात, तिच्या गळ्यातून चमचा काढलात, माझ्या टेबलावर ठेवलात आणि केकचा डबा उघडून मुलांना वाटायला लागलात. शेवटचा केक संपेपर्यंत तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत.

जिन्यात गाठलंत. ‘भोक तू पाडलंस?’

‘हो. अडकवायला.’

‘कडी होती वर.’

‘कडीतून गोंडा जात नव्हता.’

‘हे तुला मी सांगितलं होतं, रुबिना. तूच लिहिलंस ते.’

‘लिहिलं म्हणूनच सुचलं. त्यांनी ज्या हत्याराने भाषा मारली त्यानेच मी जगवते आहे. कोण चालवतं ते बघायचं असतं, डॉक्टर.’

‘कुणावर चालवतेस तेही बघ. आठ वर्षांची आहे.’

इथे थांबायला हवं होतं. पण वाद जिंकायचा राहिला की मला चैन पडत नाही, आणि तुमचं एक दुखणं मला माहीत होतं. तुम्हीच विश्वासाने सांगितलेलं. तुमचा मुलगा तिकडच्या गावच्या शाळेत शिकला, वेल्श अस्खलित बोलतो, तिथेच शिकवतो, आणि मराठी त्याला येत नाही. मी म्हटलं, ‘तुम्ही मला शिकवू नका. दुसऱ्यांची भाषा वाचवलीत आणि स्वतःची पोराच्या तोंडून घालवलीत. वर छातीवर कांदा लावून फिरता.’

तुम्ही खाली बघितलंत, त्या पातीकडे. ती एव्हाना मलूल झाली होती. ‘खरं आहे,’ म्हणालात आणि कठडा धरून खाली गेलात.

मी जिंकले, डॉक्टर. असं जिंकणं मला नवीन नाही. समोरचा गप झाला की आपण बरोबर, हे मी शाळेसाठीच्या मोर्चात शिकले. तुम्ही गप का झालात ते मी स्वतःला विचारलं नाही.

आठवड्याने तुमचा मेसेज आला. ‘चमचा पाठवून दे. त्यात थोडं काम राहिलंय.’ मला वाटलं, काढून घेतायत. शिक्षा. मी उत्तर दिलं नाही. नवऱ्याला म्हटलं, खलास, मोठ्या लोकांचं मोठेपण. इफ्तारीला काकूंनी दोनदा बोलावलं, मी दोन्हीदा डोकं दुखतंय म्हटलं. दुसऱ्यांदा तुम्ही मागून ओरडून सांगितलंत ते फोनवर ऐकू आलं, ‘मिठाच्या गुळण्या कर म्हणावं.’ मला हसू आलं होतं. ते मी दाबलं. दाबलं नसतं तर तुम्हाला ऐकू गेलं असतं.

त्यानंतर पाचव्या दिवशी तुमचं हृदय थांबलं. दवाखान्यात, दोन पेशंटांच्या मधे.

तुम्हाला तुमच्या गावी, चिपळूणला न्यायचे कागद व्हायला आठ दिवस लागले. सहाव्या दिवशी मी तुमच्या घरी आले. चमचा पिशवीत होता. तुमचा मुलगा आला होता, हुबेहूब तुमचा चष्मा. मला पाणी देऊन शेजारी बसला आणि इंग्रजीत हळू विचारलं, ‘माझे बाबा मराठीत फार विनोदी होते का? लहानपणी फोनवर बोलायचे तेव्हा पलीकडची माणसं हसताना ऐकू यायची. मला कधी कळलं नाही काय बोलतात.’ मी म्हटलं, यस. व्हेरी. साळवी गोळी, कवीला नारळ, उपोषणात गप बसायचं, सगळं मराठीतच आठवलं, त्याचं इंग्रजी करता येईना. ज्या गोष्टीवरून तुम्हाला जिन्यात टोचलं ती माझ्यासमोर चष्मा लावून बसली होती, आणि तिला काय हवं होतं तर तुमचा एक विनोद. तो मला सांगता आला नाही.

निघताना काकूंनी विचारलं, ‘चमचा तुझ्याकडेच आहे ना गो?’ मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. आत जाऊन औषधाच्या गोळ्या देतात तसलं छोटं पाकीट आणलं. आत बुचासारखी लाकडाची गोल गुडदी, करंगळीच्या नखाएवढी, त्याच पॅलेटच्या लाकडाची, घासून गुळगुळीत केलेली. पाकिटावर तुमचं अक्षर, जे फक्त औषधवाल्याला लागतं. मलाही लागलं. ‘रुबिना पत्रक. थोडा गोंद लावून हलक्या हाताने बसवणे. एकदाच.’

काकू म्हणाल्या, ‘रोज विचारायचे, आला का चमचा. तीनदा घासली ती. माप डोळ्यांनी घेतलेलं, म्हणाले, बसायला हवी.’

सांधा नाही, गोंद नाही, म्हणणारे तुम्ही. माझ्या भोकासाठी गोंद लिहून दिलात.

गुडदी बसली. अगदी घट्ट बसली. पण रेघा जुळत नाहीत. चाकाच्या लाकडाच्या रेघा उभ्या, हिच्या आडव्या. लांबूनसुद्धा कळतं की इथे काहीतरी झालं होतं. मी पॉलिश लावलं नाही.

जुई वर्गाला यायची बंद झाली होती. तुम्हाला हे माहीत नव्हतं, मी कळवलं नव्हतं. परवा तिच्या घरी गेले. तिच्या वडिलांची रात्रपाळी संपलेली, ते स्वयंपाकघरात चहा टाकत होते. जुई दारात आली, माझ्या हातात चमचा बघितला आणि एक पाऊल मागे गेली. ‘मिस, डू आय हॅव टू वेअर इट?’

मी पत्रकं लिहून दोन तालुके पेटवलेत. या प्रश्नाला उत्तर द्यायला मला खाली बसावं लागलं. नाही, म्हटलं. हा घालायचा नसतोच. भिंतीवर लावायचा असतो. मी चुकीचा वापरला. तू माफी मागायची नव्हतीस, मी मागायची होती. ती मागायलाच आले.

तिने बोट पुढे करून पिंजऱ्यातली गोळी हलवली. ‘हाऊ डिड ही पुट इट इन?’

तुमचं उत्तर मला तोंडपाठ होतं. मराठीत ओठावर आलं होतं. पण तिने इंग्रजीत विचारलं होतं, तुमच्याबद्दल विचारलं होतं, आणि त्या हॉलमध्ये तुमच्या मुलाजवळ मी जशी बसले होते तशी मला पुन्हा बसायचं नव्हतं. मी इंग्रजीत सांगायला लागले. ही डिड नॉट पुट. इट वॉज इनसाइड ओन्ली. मग अडले. भोवतीचं लाकूड काढलं, याला शब्दच येईनात. हाताने कोरून दाखवलं. मुलाखतीत झाले होते तशीच कानापर्यंत लाल झाले. जुई हसली नाही. माझ्या हातांकडे बघत राहिली, वाट बघत, मी वाक्य कसंबसं शेवटाला नेईपर्यंत.

आतून तिच्या वडिलांनी विचारलं, ‘काय गं जुई, मॅडम इंग्लिश बोलतायत की काय?’

‘नाही पप्पा,’ जुई मराठीत म्हणाली. ‘कुणी नाही बोललं.’